छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर दोन निवांत दिवस : सल्ला हवा आहे

पारिजात

नमस्कार. महाविद्यालयात असल्यापासूनची माझी एक मैत्रीण आणि मी ३१ जानेवारी व १ फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारला शुक्रवारची रजा जोडून दापोलीजवळच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, मंडणगड असे स्वतःच्या गाडीने जाण्याचा विचार आहे.

सल्ला मागण्याचे खरे कारण वेगळे आहे. मैत्रिणीला छायाचित्रणाचे मनापासून वेड आहे आणि मला सध्या विश्रांतीची नितांत गरज आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही सिंधुदुर्गात गेलो होतो, तेव्हा तीन दिवसांत सात ठिकाणे पाहिली. ती पहाटे पाचला खोलीबाहेर पडायची आणि मी एकटीच नाश्ता करायची. संध्याकाळी मला भूक लागलेली असायची, तेव्हा ती अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावरून हलत नसे. परतीच्या वाटेवर दोघीही दमलेल्या होतो आणि एकमेकींवर किंचित रुसलेल्याही. या वेळी मला विश्रांती हवी आहे, पण तिच्यापासून दूर बसून मिळणारी विश्रांती नको आहे. ज्यांनी अशा जोडीदाराबरोबर प्रवास केला आहे, किंवा जे स्वतः कॅमेरा घेऊन फिरतात, त्यांनी दिवसाची आखणी कशी करावी हे कृपया सांगावे.

प्रवासिनी

दापोली परिसरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हर्णैचा मासळीलिलाव, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचे केशवराज मंदिर, पन्हाळेकाजीची लेणी, लाडघर आणि कर्दे येथील किनारे, आणि वेळ उरल्यास वेळास. लवकर निघालात तर दोन दिवसांत बहुतेक सर्व पाहून होईल. आम्ही मागच्या डिसेंबरात असेच केले होते.

छायाप्रकाश

प्रवासिनी यांची यादी उत्तम आहे, परंतु धागाकर्तीची अडचण अशा यादीतूनच निर्माण झाली होती असे मला वाटते. मी वीस वर्षे छायाचित्रण करतो आणि माझी पत्नी करत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरचाच आहे.

छायाचित्रकाराला ठिकाणांची संख्या फारशी उपयोगी नसते. त्याला एकच जागा वेगवेगळ्या प्रकाशात पाहायची असते. एकाच किनाऱ्यावर दोन संध्याकाळी मिळाल्या, तर पहिल्या दिवशी जागा समजते आणि दुसऱ्या दिवशी चित्र मिळते. दर संध्याकाळी नवा किनारा गाठला, तर प्रत्येक ठिकाणी पहिलाच दिवस असतो, म्हणून त्याची धावपळ होते आणि त्याच्याबरोबर सोबत्याचीही.

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या वेळांची. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे, म्हणून सूर्य समुद्रात मावळतो, पण उगवताना तो डोंगरामागून आणि माडांमागून येतो. त्यामुळे मुरुडच्या वाळूवर सकाळचे ऊन उशिरा उतरते. हर्णै बंदरात मात्र नेमके उलट घडते. सुवर्णदुर्ग बंदराच्या पश्चिमेला पाण्यात उभा असल्याने उगवत्या सूर्याचे ऊन सरळ त्याच्या तटबंदीवर पडते, आणि पुढे होड्यांची गर्दी असते. म्हणून सकाळ हर्णैला आणि संध्याकाळ मुरुडला घालवावी. साधारण साडेनऊपासून चार वाजेपर्यंत समुद्रावरचा प्रकाश इतका कठोर असतो की तुमची मैत्रीण आपणहून कॅमेरा पिशवीत ठेवील. ते सहा-साडेसहा तास तुम्हा दोघींचे आहेत.

जेवणाबद्दलही एक विनंती आहे. सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे आमच्यासाठी सूर्यास्ताइतकीच मोलाची असतात, कारण आकाशाचा निळा रंग आणि होड्यांवरचे दिवे तेव्हा एकमेकांच्या तोलाचे दिसतात. जिथे उतराल तिथे रात्रीचे जेवण आठला हवे असे आधीच सांगून ठेवा, आणि संध्याकाळी पाचला स्वतः काही पोटभरीचे खाऊन घ्या. आमच्या घरातला अर्धा वाद एवढ्यानेच मिटला.

दर्याकाठ

माझे आजोळ मुरुडचे. छायाप्रकाश यांनी प्रकाशाचे सांगितले, मी पाण्याचे सांगते, कारण किनाऱ्यावरचा दिवस सूर्याइतकाच भरती-ओहोटीवर चालतो.

आमचे आजोबा घड्याळाआधी पंचांग पाहत. किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक असलेला हिशोब असा आहे की त्या दिवसाच्या तिथीचा पाऊणपट करावा. जो आकडा येतो त्या सुमारास भरती पूर्ण होते आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासूनच मोजायचे. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती असते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी ओहोटी. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून पाण्यात उतरायचे असेल तर भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि गावातल्या माणसाला विचारावे. पण सहलीची तारीख ठरवायला हा हिशोब पुरेसा आहे.

आता तुमच्या तारखा पाहा. १ फेब्रुवारीला पौर्णिमा आहे आणि शनिवारी चतुर्दशी. म्हणजे उधाणाचे दिवस आहेत. पाणी जितके वर चढते तितकेच खोल मागे जाते. शनिवारी पाचच्या सुमारास पाणी बरेच आत गेलेले असेल आणि साडेसहाला सूर्य मावळताना मुरुडची रुंद, ओली, सपाट वाळू सगळे आकाश धरून ठेवील. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, आला असतात तर त्याच वेळी पाणी वर चढलेले असते आणि वाळूची पट्टी अरुंद झालेली असते. तुम्ही नकळत फार चांगला मुहूर्त निवडला आहे.

फक्त खडकांवर जाताना एक लक्षात ठेवावे. कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला मागून येणारे पाणी दिसत नाही. तुमची मैत्रीण खडकावर असेल तेव्हा पाण्याकडे पाहण्याचे काम तुम्ही करा. आणि गाडी वाळूवर अजिबात उतरवू नका.

सुपारीबाग

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी पूर्ण सहमत. दुपारच्या वेळेसाठी एकच सुचवते : आसूदचे केशवराज मंदिर. दापोली-हर्णै रस्त्यावरच आहे. गाडी वर ठेवून आसूदच्या बागेतून खाली उतरायचे, ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढून विष्णूच्या देवळात पोहोचायचे. वाट जवळजवळ सगळी माड-पोफळींच्या सावलीत आहे. देवळाच्या आवारात गोमुखातून पाणी पडत असते आणि त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज बहुधा नसतो. उन्हाच्या वेळीही तिथला उजेड मऊ असल्यामुळे कॅमेरा पूर्ण बंद ठेवावा लागत नाही, आणि ज्यांना नुसते बसायचे आहे त्यांना याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पन्हाळेकाजी आणि वेळास या वेळी सोडा. दोन्ही ठिकाणे स्वतंत्र दिवस मागतात.

प्रवासिनी

सुपारीबाग आणि छायाप्रकाश, तुमचे म्हणणे पटले. आम्ही सर्व पाहिले हे खरे, पण आत्ता आठवू लागले तर केशवराजचा गारवा तेवढा स्पष्ट आठवतो. बाकीच्या ठिकाणांसाठी फोनमधील फोटो उघडावे लागतात.

तरीही सुवर्णदुर्गाबद्दल विचारते. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. इतक्या जवळ जाऊन तो न पाहता परत यावे का?

छायाप्रकाश

हर्णैहून होडी मिळते, आणि किल्ला पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती मी दोनदा जाऊन टिपला आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. पुढे १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून ते घेतले. पण होडीची वेळ पाण्यावर आणि इतर प्रवाशांवर अवलंबून असते, किल्ल्यावर चढ-उतरताना पाय भिजतात, आत झाडोरा माजलेला आहे आणि उन्हात अडीच-तीन तास सहज जातात. विश्रांतीसाठी निघालेल्या दोघींनी तो हर्णैच्या बाजूने, कनकदुर्गावरून पाहावा. तेथील दीपगृहाजवळून किल्ला आणि बंदर दोन्ही समोर येतात.

सामानाबद्दल थोडे. वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात, म्हणून लाट गेल्यावर ते आधी दाबून बसवावेत आणि मगच शटर उघडावे. परतणाऱ्या लाटेच्या रेघा हव्या असतील तर साधारण अर्ध्या सेकंदाचा अवधी पुरतो. काही मिनिटांच्या अवधीने समुद्राचे धुके होते आणि मला तरी त्यात समुद्र दिसत नाही. रोज रात्री ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्याने धुवावेत. भिंगावर बसलेला खारा तुषार कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने कण उडवावेत आणि मग किंचित ओलसर मऊ कापडाने टिपावे.

खाडीपलीकडे

मी आंजर्ल्याच्या बाजूचा आहे आणि मला एका गोष्टीची आस्थेने विनंती करायची आहे.

हर्णैचा लिलाव पाहायला लोक येतात याचा आम्हाला आनंदच आहे. पण सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतर तिथे जे चालते ते लोकांचे पोट आहे. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, ढीग लागतात, बोली होते, बर्फ पडतो, टेम्पो भरतात, आणि प्रत्येक मिनिट उशिराने मासळीचा भाव उतरतो. अशा वेळी वाटेत तिकाटणे उभे करून एखाद्या कोळणीच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा धरणे योग्य नाही. विचारावे, नाही म्हटले तर हसून पुढे जावे, आणि हो म्हटले तर तिचे काम संपेपर्यंत थांबावे. काही घेणार असाल तर आधी घ्या; बोलणे आपोआप सुरू होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत कोणी लिलावाच्या अपेक्षेने येऊ नये.

दुसरी विनंती कासवांबद्दल. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले आमच्याकडे आणि वेळासला साधारण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून बाहेर येऊ लागतात. जानेवारीअखेर ती दिसतीलच असे धरून चालू नका. दिसली तर फ्लॅश आणि फोनचा दिवा पूर्ण बंद ठेवावा, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात आणि आपल्या दिव्यामुळे समुद्राची दिशा चुकतात. चांगल्या छायाचित्रासाठी पिल्लू हातात घेण्याचा आग्रह तर कोणीच धरू नये.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीने सगळे प्रतिसाद वाचले आहेत आणि तिने स्वतःच सात ठिकाणांची जुनी यादी पुसून टाकली. आम्ही तिन्ही दिवस मुरुडलाच एका घरगुती निवासात राहणार आहोत. आल्यावर सविस्तर लिहीन.

पारिजात

आम्ही परत आलो आहोत, आणि सांगण्यासारखे इतके आहे की क्रमाने लिहिते.

शुक्रवारी सहाला निघून वाटेतले थांबे धरून साडेबाराच्या सुमारास मुरुडला पोहोचलो. पाखाडीच्या दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, आत कौलारू घर आणि पुढे पडवी अशी जागा मिळाली. जेवून मी जी झोपले ती पावणेपाचलाच उठले. त्या पहिल्या संध्याकाळी एक चूक झाली. कॅमेरा दुपारभर वातानुकूलित खोलीत होता. तो थेट किनाऱ्यावरच्या दमट हवेत आणल्याबरोबर भिंगावर बाष्प धरले, आणि ते पुसावे तितक्यांदा पुन्हा येत राहिले. पंधरा-वीस मिनिटे तशीच गेली. दुसऱ्या दिवसापासून निघण्याच्या तासभर आधी कॅमेरा बंद पिशवीतच पडवीत आणून ठेवला, आणि पुन्हा हा त्रास झाला नाही. नव्याने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शनिवारी सकाळी दोघी मिळून हर्णैला गेलो. छायाप्रकाश यांनी सांगितले तसेच घडले : सूर्य डोंगरावर आला आणि काही मिनिटांत सुवर्णदुर्गाची काळपट तटबंदी मधासारख्या रंगाची झाली. डोक्यावर कुरवांचे थवे फिरत होते. मैत्रीण बंदराच्या कडेला जागा धरून उभी राहिली आणि मी खाडीपलीकडे यांचा सल्ला ऐकून मासळी घ्यायला गेले. ज्या मावशींकडून बांगडे घेतले त्यांना विचारले की माझ्या मैत्रिणीने तुमचा फोटो काढला तर चालेल का. त्या म्हणाल्या, "काढ, पण आधी ही टोपली सरू दे." आम्ही वीसेक मिनिटे थांबलो. मैत्रिणीने नंतर सांगितले की त्या वीस मिनिटांत तिने प्रकाश पाहिला, मावशींच्या हातांची लय पाहिली आणि शेवटी अवघी चार छायाचित्रे काढली. मागच्या प्रवासात तिने एका लिलावात दोनशे काढली होती आणि त्यातले एकही तिने कधी भिंतीवर लावले नाही.

बांगडे निवासातल्या काकूंनी तळून दिले. दुपारी केशवराजला गेलो. सुपारीबाग, तुमचे ऋण मी विसरणार नाही. मंदिराच्या कठड्याला टेकून आम्ही दीड तास बसलो आणि मैत्रिणीच्या आईच्या आजारपणाबद्दल ती पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलली. इतकी वर्षे रोज फोनवर बोलतो, पण हे बोलणे झाले नव्हते. कॅमेरा मधे नव्हता, आणि घाईही नव्हती.

त्या संध्याकाळबद्दल मात्र सावकाश लिहायला हवे. पाचला किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा समुद्र इतका मागे गेला होता की चालत चालत पाण्यापर्यंत जाणेसुद्धा एक फेरफटका झाला. ओल्या वाळूवर सगळीकडे मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली होती. खाली बसून पाहिले तर प्रत्येक नक्षीच्या मध्यावर एक छिद्र, आणि त्यातून नखाएवढा खेकडा बाहेर येऊन वाळू तोंडाशी नेत होता, तिच्यातले अन्न काढून घेत होता आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला सारत होता. गोळ्यांच्या रांगा छिद्रापासून सूर्यकिरणांसारख्या बाहेर गेलेल्या होत्या. आपण हललो की सगळे एका क्षणात आत, आणि स्तब्ध बसलो की मिनिटाभरात पुन्हा बाहेर. मी एवढी स्थिर कधी बसले होते हे मला आठवत नाही. मैत्रीण माझ्याशेजारी पोटावर आडवी झाली आणि तिने अर्धा तास फक्त एकाच छिद्रावर कॅमेरा लावून ठेवला. सुरुवातीला खेकड्यांसाठी दबक्या आवाजात बोलत होतो आणि नंतर बोलायचेही राहून गेले.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा किनाऱ्यावरचे सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. मला कोणतेही चित्र मिळवायचे नसल्यामुळे मी सहज मागे वळले. पूर्वेला माडांच्या शेंड्यांवर चतुर्दशीचा चंद्र बराच वर आलेला होता, त्याच्याखाली आकाशात फिकट गुलाबी पट्टा होता आणि दोन्ही ओल्या वाळूत उतरले होते. मी मैत्रिणीला हाक मारली. तिने वळून पाहिले, एक शब्दही न बोलता ट्रायपॉड उचलला आणि उलट दिशेला लावला. या सहलीतले तिचे सर्वांत आवडते छायाचित्र ते आहे, आणि ते मी दाखवले याचा आनंद मला अजूनही होतो आहे.

रविवारी ती पहाटे एकटीच गेली. मी साडेसातपर्यंत झोपले, मग काकूंकडून थर्मासमध्ये चहा भरून घेतला आणि किनाऱ्यावर तिला नेऊन दिला. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती परतीच्या वाटेवर पाहिला. पूर्वी हे देऊळ खाली समुद्राजवळ होते आणि पाणी चढू लागल्यावर देव टेकडीवर गेला, ही कथा तिथल्या आवारात उभे राहून समोरचा समुद्र पाहिला की वेगळीच वाटते. बाकी काही पाहिले नाही, आणि काही राहून गेले असेही वाटले नाही.

दर्याकाठ

वाचून डोळे भरून आले. त्या खेकड्यांसमोर आम्ही भावंडे लहानपणी तासन्‌तास बसत असू. भरतीचे पाणी पुन्हा त्यांच्यावरून जाते आणि सगळी नक्षी पुसली जाते. दुसऱ्या ओहोटीला ते ती नव्याने काढतात.

खाडीपलीकडे

थांबलात, विचारलेत, याबद्दल आभार. एक विचारतो. मावशींना त्यांचा फोटो मिळाला का? आमच्याकडे फोटो काढून नेणारे पुष्कळ, परत पाठवणारे फार थोडे.

पारिजात

खाडीपलीकडे, मिळाला. मैत्रिणीने मावशींच्या दोन चित्रांच्या आणि बंदराच्या एका चित्राच्या प्रती छापून घेतल्या आणि आम्ही त्या मुरुडच्या काकूंकडे पोस्टाने पाठवल्या. त्या दर आठवड्याला हर्णैला मासळीसाठी जातात. काल त्यांचा फोन आला होता. मावशींनी स्वतःची दोन्ही चित्रे पाहून पिशवीत ठेवली, पण बंदराचे चित्र बराच वेळ हातात धरून त्यांनी विचारले की याची आणखी एक प्रत मिळेल का. किल्ल्यासमोर उन्हात उभी असलेली डावीकडची होडी त्यांच्या मुलाची आहे. ती प्रत थोडी मोठ्या आकारात छापायला दिली आहे. सोमवारी पोस्टात टाकीन.